क्रेनखालच्या पोलादाचा थकवा

कारखान्याची शेड उभारायचे ठरले की क्रेनबद्दल पहिला प्रश्न येतो तो टनांचा. वीस टनांची की पन्नास टनांची, गाळा किती मीटरचा, हुक किती उंच जायला हवा, हे सगळे चौकशीच्या कागदावर व्यवस्थित भरलेले असते. ती क्रेन तासाला किती वेळा उचलणार, किती पाळ्यांत चालणार आणि पंचवीस वर्षांत मिळून किती फेऱ्या मारणार, हा रकाना मात्र बहुतेक वेळा कोरा राहतो. शेडचा पोलादी सांगाडा, म्हणजे क्रेनचे रूळ ज्यावर बसतात ते गँट्री गर्डर, त्यांना पेलणारे खांब आणि खांबांवरचे ब्रॅकेट, किती वर्षे धड राहील हे टनांच्या आकड्यापेक्षा या कोऱ्या रकान्यावर जास्त अवलंबून असते. आणि फेऱ्यांचा तो हिशेब शेवटी जाऊन थांबतो तो गर्डरच्या जाडीपाशी किंवा पोलादाच्या प्रतीपाशी नव्हे, तर काही मिलिमीटरच्या वेल्डपाशी. वजनदार क्रेनच्या शेडचे डिझाइन म्हणजे मुळात जोडांचे डिझाइन आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का हे मांडण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि मागचे डबे एकमेकांवर चढून पेटले. पन्नासहून अधिक माणसे गेली. आसावर त्या दिवशी जास्त भार पडला नव्हता. रोज पडत होता तेवढाच होता. असे आस ठिकठिकाणी मोडत होते आणि ते का मोडतात याचे उत्तर प्रयोगांनी दिले ते प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने. त्याने वर्षानुवर्षे फिरत्या नमुन्यांवर भार देऊन ते किती फेऱ्यांनंतर तुटतात याची नोंद ठेवली आणि १८७० मध्ये निष्कर्ष एकत्र मांडले. एका झटक्यात तोडायला जेवढा ताण लागतो त्याच्या बऱ्याच खालचा ताणही पुन्हा पुन्हा दिला तर धातू तोडतो. ताण कमीतकमी आणि जास्तीतजास्त यांच्यात किती वरखाली होतो हे निर्णायक असते. आणि चढउतार पुरेसा लहान ठेवला तर धातू जवळपास अमर्याद फेऱ्या सोसतो. याला आपण धातूचा थकवा म्हणतो. तार हाताने मागेपुढे वाकवून तोडण्याचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते, पण इथे ते दिशाभूल करते. तार प्रत्येक वेळी डोळ्यांदेखत वाकलेली राहते. गँट्री गर्डर मात्र क्रेन पुढे गेली की पूर्ववत सरळ होतो, मोजपट्टी लावली तरी काही हललेले सापडत नाही. बिघाड चालू असतो तो दिसत नाही, हीच या विषयातली खरी अडचण.

व्होलरचे नमुने घासून गुळगुळीत केलेले होते. शेडचा सांगाडा वेल्ड केलेला असतो, आणि वेल्डमुळे हिशेब पुरता बदलतो. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात जॉन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक पोलादी तुळया हेलकावत्या भाराखाली तुटेपर्यंत चालवल्या आणि १९७० मध्ये अहवाल दिला. साध्या पोलादाच्या तुळया होत्या, तसेच जवळपास तिप्पट ताकदीच्या पोलादाच्याही होत्या. वेल्ड केलेल्या तुळयांच्या आयुष्यात पोलादाच्या प्रतीने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो दोनच गोष्टींनी: ताण किती वरखाली होतो आणि जोड कोणत्या प्रकारचा आहे. कारण असे, की वेल्डच्या कडेला, जिथे ओतीव धातू मूळ प्लेटला टेकतो, तिथे मळीचे बारीक कण आणि अतिसूक्ष्म खाचा राहून जातातच. उत्तम वेल्डरच्या हातूनही राहतात. म्हणजे तडा पडायला वेळ लागत नाही, तो जन्मापासून असतो. आयुष्य जाते ते तो वाढण्यात, आणि वाढीचा वेग सगळ्या पोलादांत साधारण सारखाच. त्यातच वेल्ड थंड होताना आकसतो आणि भोवती पोलादाच्या सोसण्याच्या मर्यादेइतका ताण कायमचा अडकवून ठेवतो. त्यामुळे हिशेबात दाबाखाली दिसणारा भागही प्रत्यक्षात ताणाखालीच वरखाली होत असतो. ‘भारी प्रतीचे पोलाद वापरू’ हा उपाय इथे लागू पडत नाही. उलट भारी पोलाद घेऊन सेक्शन हलके केले तर ताणातला चढउतार वाढतो आणि शेड लवकर थकते.

आता आकडे. वेल्ड जोडांसाठी आयुष्य हे ताणातल्या चढउताराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चढउतार निम्मा केला तर आयुष्य आठपट. मानके जोडांना वर्ग देतात. युरोपीय मानकात वर्ग ११२ म्हणजे २० लाख फेऱ्यांना ११२ मेगापास्कलचा चढउतार सोसणारा जोड. आपल्या आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, तेराव्या प्रकरणात, तोच जोड ८३ म्हणून येतो, कारण तिथे मोजमाप ५० लाख फेऱ्यांना आहे. (एका मानकातला आकडा उचलून दुसऱ्याच्या सूत्रात टाकला तर आयुष्य अडीचपट चुकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) समजा पोलाद वितळवणाऱ्या एखाद्या कारखान्यातली क्रेन तासाला दहा उचली करते, दिवसाला वीस तास, वर्षाला तीनशे दिवस. झाल्या ६०,००० फेऱ्या वर्षाला, पंचवीस वर्षांत १५ लाख. तेवढ्याच टनांची क्रेन देखभालीच्या वर्कशॉपमध्ये दिवसातून पाच वेळा पूर्ण भार उचलते असे धरले तर पंचवीस वर्षांत फेऱ्या होतात ३७,५००. गर्डरच्या वेबला (मधल्या उभ्या प्लेटला) आडव्या दिशेने जोडलेल्या स्टिफनरचा, म्हणजे तिला ताठ ठेवणाऱ्या पट्टीचा, वर्ग साधारण ८०. वितळशाळेत त्याला ८८ मेगापास्कलचाच चढउतार झेपतो. वर्कशॉपमध्ये उत्तर येते ३०० मेगापास्कल, म्हणजे साध्या २५० च्या पोलादाच्या ताकदीपेक्षाही जास्त. वर्कशॉपच्या शेडमध्ये थकव्याचा प्रश्न आडवा येतच नाही. टन तेच, क्रेन कदाचित एकाच कंपनीची, पण एका शेडला जे डिझाइन पंचवीस वर्षे पुरेल ते दुसरीत काही वर्षांत तडे दाखवेल.

इथे कारखानदार एक रास्त आक्षेप घेतो. क्रेन वीस टनांची असली तरी प्रत्येक वेळी वीस टन कुठे उचलते? सरासरी दहाच टन असतील, मग घनाच्या नियमाने झीज एक अष्टमांश व्हायला हवी. लहानमोठ्या भारांची झीज एकत्र कशी मोजावी याची रीत पामग्रेनने १९२४ मध्ये आणि मायनरने १९४५ मध्ये दिली, आणि ती वापरायलाही हवी. प्रत्येक उचल पूर्ण भाराची धरणे उधळेपणाचे आहे. पण या आक्षेपात एक गोष्ट सुटते: गर्डरवरून फक्त उचललेला माल जात नाही, खुद्द क्रेन जाते. समजा क्रेनचा पूल २४ टनांचा आहे आणि त्यावरची ट्रॉली ५ टनांची. ट्रॉली एका टोकाला असताना पूर्ण भारासकट त्या बाजूच्या गर्डरवर साधारण ३५ टन येतात: १२ पुलाचे, २३ ट्रॉली आणि मालाचे. माल निम्मा केला तरी तिथे जवळपास २६ टन उरतात. गुणोत्तर पाऊण, त्याचा घन ०.४. म्हणजे अर्ध्या भाराची उचल पूर्ण उचलीच्या आठव्या भागाइतकी नव्हे, चाळीस टक्के झीज करते. एवढेच नव्हे, ट्रॉली त्याच टोकाला ठेवून रिकामी क्रेन गेली तरी सुमारे दहावा हिस्सा झीज होतेच. हुकाला काही न लावता केलेल्या दहा धावा एका भरल्या उचलीच्या बरोबरीच्या. कामाच्या नोंदवहीत या रिकाम्या धावा कुठेच नसतात. ‘आपण चाकाचा भार २५ टक्के वाढवून धरतो, त्यात हे येते’ असेही म्हणतात. ती वाढ धक्क्यासाठी असते. ती एका फेरीचा ताण सांगते, फेऱ्या मोजत नाही.

फेऱ्यांची संख्याही सांगाड्याच्या प्रत्येक भागाला एकसारखी लागू होत नाही, आणि हे बारकाव्याने पाहण्यासारखे आहे. गर्डरच्या खालच्या फ्लँजला, म्हणजे खालच्या आडव्या प्लेटला, क्रेनची एक धाव ही साधारण एक फेरी. पण वरच्या फ्लँजखाली, जिथे वेब त्याला जोडलेला असतो, तिथे प्रत्येक चाक स्वतंत्र दाब देऊन जाते. एका बाजूला चार चाके असतील तर एका जाण्यायेण्यात आठ फेऱ्या. वर्षाला ६०,००० वेळा जाऊन येणाऱ्या क्रेनखाली त्या ४ लाख ८० हजार होतात. त्यातच रूळ वेबच्या बरोबर मधोमध नसला, दहापंधरा मिलिमीटर सरकलेला असला, तर प्रत्येक चाक वरच्या फ्लँजला पिळते आणि वेबचा वरचा काठ आडवा वाकतो. म्हणून जड कामाच्या गर्डरमध्ये हा जोड दोन बाजूंच्या फिलेट वेल्डवर न सोडता पूर्ण जाडीभर भरलेला मागतात, आणि खंडित वेल्ड तर इथे चालतच नाही. रूळ गर्डरला वेल्ड करायचा नाही, क्लिपांनी धरायचा. झिजलेला रूळ काढून पुन्हा रेषेत बसवता यावा हे त्याचे एक कारण. दुसरे, त्या वेल्डपाशी निघालेला तडा सरळ फ्लँजमध्ये उतरतो.

पण बांधून झालेल्या शेडमध्ये सर्वांत आधी तडे बहुधा दिसतात ते गर्डर आणि खांब जिथे भेटतात तिथे, आणि कारण साध्या भूमितीत आहे. आयएस ८०० प्रमाणे ५० टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनखाली गर्डरचा झुकाव लांबीच्या ७५० व्या भागापेक्षा जास्त नसावा. एवढा झुकला की त्याची टोके साधारण ०.००४ रेडियनने फिरतात. ऐकायला हे काहीच नाही. पण गर्डर एक मीटर खोल असेल तर त्याचा वरचा फ्लँज खालच्याच्या तुलनेत चार मिलिमीटर पुढेमागे सरकतो, क्रेनच्या प्रत्येक जाण्याला. आता क्रेनचा बाजूचा धक्का खांबापर्यंत पोचवायला डिझाइनर वरचा फ्लँज खांबाला एका जाड प्लेटने पक्का जखडतो. प्लेट बाजूचा धक्का छान पोचवते, पण चार मिलिमीटरची ती हालचाल अडवू पाहते आणि दर फेरीला वाकते. प्लेट जितकी जाड, तितका तिच्या वेल्डवर ताण जास्त. मग तडा जातो. देखभालीची माणसे आणखी जाड प्लेट वेल्ड करतात. तीही तडकते, या वेळी आणखी लवकर, आणि कधीकधी खांबाचाच फ्लँज सोबत घेऊन. खरा उपाय उलट दिशेचा आहे: बाजूच्या दिशेने ताठ आणि गर्डरच्या लांबीच्या दिशेने सैल असा जोड, म्हणजे दोन टोकांना पिन असलेली कडी किंवा लवचिक पातळ पट्टी. हाच न्याय गर्डरखाली खांबाला लावलेल्या तिरप्या टेकूलाही. गर्डरला आधार म्हणून लावलेला टेकू त्याची टोके फिरू देत नाही, आणि हिशेबात कुठेच न धरलेला भार स्वतःवर ओढून घेतो. पोलादी सांगाड्यात ताठपणा म्हणजे ताकद ही समजूत इतकी रुजलेली आहे की मला या दोषाचे मूळ गणितापेक्षा तिच्यातच जास्त दिसते.

दुसरी जागा आणखी साधी. शेड चालू झाल्यावर गर्डरवरून केबल न्यायची असते, विजेच्या पट्टीचा आधार द्यायचा असतो, पाइप टांगायचा असतो. फॅब्रिकेटरचा माणूस दीडशे मिलिमीटरचा अँगलचा तुकडा खालच्या फ्लँजला, त्याच्या लांबीच्या दिशेने, दोन फिलेट मारून चिकटवतो. त्यावर भार पाचदहा किलोंचा. ड्रॉइंगमध्ये तो नसतो, कोणी तपासत नाही. हिशेब करून पाहू. फ्लँजमधला चढउतार ९० मेगापास्कल धरा. वेब आणि फ्लँजचा मशीनने मारलेला सलग वेल्ड वर्ग ११२ चा. सुरक्षागुणक बाजूला ठेवला तर त्याचे आयुष्य सुमारे ३८ लाख फेऱ्या, वर्षाला ६०,००० च्या दराने ६४ वर्षे. शंभर मिलिमीटरहून लांब तुकडा चिकटवला की ती जागा वर्ग ५६ वर येते आणि आयुष्य ४ लाख ८२ हजार फेऱ्यांवर, म्हणजे आठ वर्षांवर. तुकडा फ्लँजच्या कडेला चौकोनी टोकाने जोडला तर वर्ग ४० आणि तीनच वर्षे. हे आकडे सरासरीचे नाहीत. चाचण्यांतले बहुतेक नमुने याहून जास्त टिकले, म्हणून तिसऱ्या वर्षी गर्डर तुटेलच असे नाही. पण आयुष्याचा भरवसा चौसष्टवरून आठवर आला तो पाच किलोंच्या केबलपायी. तडा तुकड्याला वाकवत नाही, तो मुख्य फ्लँजमध्ये शिरतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर उत्तर समुद्रातले अलेक्झांडर केलंड हे तरंगते निवासी व्यासपीठ आठवावे. २७ मार्च १९८० रोजी ते उलटले आणि त्यावरच्या २१२ पैकी १२३ माणसे बुडाली. त्याच्या डी-६ नावाच्या एका नळीसारख्या ब्रेसला हायड्रोफोन बसवण्यासाठी एक आधार वेल्ड केलेला होता, भार नसलेला, ६ मिलिमीटरच्या फिलेटचा. तडा तिथून निघाला, लाटांच्या फेऱ्यांनी ब्रेसमध्ये पसरला, ब्रेस तुटल्यावर उरलेल्या पाच ब्रेसांना तो भार पेलला नाही आणि एक संपूर्ण पाय निखळला. तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे रंगकाम होतानाच तो तिथे होता. लाटा आणि क्रेन यांत पोलादाला फरक कळत नाही. मजबुतीसाठी म्हणून लावलेली प्लेटही याच कारणाने घात करते. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या यलो मिल पाँड या महामार्गावरच्या पुलात, जिथे तुळयांना खालून जादा कव्हर प्लेट वेल्ड केलेली होती, त्या प्लेटच्या टोकापाशी १९७० मध्ये, म्हणजे पूल खुला झाल्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, एक तुळई तडकलेली सापडली. जुन्या गँट्री गर्डरला जास्त टनांची क्रेन झेपावी म्हणून खाली प्लेट चिकटवण्याचा सल्ला आजही सहज दिला जातो. त्या प्लेटने मध्यभागी ताण उतरतो हे खरे, पण तिच्या टोकाशी जो जोड तयार होतो तो वर्गवारीत अगदी तळाला आहे.

मग सगळेच जाड का करू नये? कारण ते महाग पडते आणि कमी उपयोगी आहे. चढउतार २० टक्क्यांनी उतरवायला गर्डर सव्वापट ताकदीचा करावा लागतो, आणि आयुष्य वाढते जेमतेम दुपटीने. तोच केबलचा तुकडा वेबच्या मध्यावर, जिथे वाकण्याचा ताण जवळपास शून्य असतो, तिथे नेला तर आयुष्य आठपट वाढते, पोलाद एक किलोही न वाढवता. वेल्डची कडा ग्राइंडरने ताणाच्या दिशेने घासून निमुळती केली तर आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणजे सव्वापट गर्डरने जे मिळते तेच, एका माणसाच्या दिवसभराच्या कामात. लक्ष ठेवू आणि तडा दिसला की दुरुस्त करू, असे म्हणणारेही आहेत. तपासणी हवीच, पण तडा डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो तेव्हा त्या जोडाचे बरेचसे आयुष्य संपलेले असते, आणि गर्डरची वरची बाजू पंधरा मीटर उंचीवर, धुळीने भरलेली, शेजारी उघड्या विजेच्या पट्ट्या असलेली असते. शिवाय तडा खरवडून पुन्हा तसाच वेल्ड भरला तर जोड तोच राहतो. मोजणी फक्त शून्यापासून नव्याने सुरू होते.

सर्वांत अवघड आक्षेप अनुभवाचा आहे. थकव्याचा हिशेब न करता बांधलेल्या शेकडो शेड चाळीसपन्नास वर्षे उभ्या आहेत, मग एवढी चिंता कशाला? त्या उभ्या आहेत हे खरे, आणि वरच्या वर्कशॉपच्या आकड्यांनी ते समजतेही: त्यांच्या फेऱ्या हजारांत आहेत. पण तो दाखला त्या फेऱ्यांपुरताच चालतो. पिंपरी-चिंचवडपासून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांपर्यंत शेड हातोहात बदलतात. मशीन शॉप म्हणून बांधलेल्या गाळ्यात भट्टी येते, एका पाळीच्या तीन होतात, भंगार उचलायला चुंबक लावलेली क्रेन दिवसभर धावू लागते. टन वाढलेले नसतात, त्यामुळे नव्याने हिशेब करावा असे कोणाला वाटत नाही. पण दिवसाला पाचऐवजी दोनशे फेऱ्या झाल्या की जुन्या शेडने चाळीस वर्षांत जी झीज पाहिली ती एका वर्षात होते. अशी शेड विकत घेताना किंवा काम बदलताना स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: आजवरच्या उत्पादनाच्या नोंदींवरून काढलेल्या फेऱ्यांचा अंदाज, पुढच्या कामाच्या फेऱ्या, रिकाम्या धावांसकट, आणि गर्डरच्या खालच्या फ्लँजची टोकापासून टोकापर्यंत फिरून केलेली नोंद, ज्यात मूळ ड्रॉइंगमध्ये नसलेला प्रत्येक वेल्ड खुणावलेला असेल. हे तुकडे कापून काढायचे, जागा घासून सपाट करायची आणि तिथे चुंबकीय कणांची चाचणी घ्यायची. कापताना गॅसची ज्योत फ्लँजला लागू द्यायची नाही. तुकडा दोनतीन मिलिमीटर वर कापून उरलेले ग्राइंडरने उतरवायचे. नव्या शेडच्या ड्रॉइंगवर तर एक ओळ ठळक छापता येते आणि तिला खर्च काहीच नाही: गँट्री गर्डरच्या फ्लँजवर डिझाइनरच्या लेखी परवानगीशिवाय टॅक वेल्डसुद्धा मारू नये.